पाण्यात होड्या किती?

ज्येष्ठाची चाहूल लागताच होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेपर्यंत जाळी सांधीत बसायचे, ही वरळी कोळीवाड्याची रीत ज्याने गोलफादेवीच्या टेकडीखाली लहानपणापासून पाहिली, त्या माझ्यासारख्या तांडेलाच्या मुलाने वैमानिकी शिकण्यासाठी नेमका जून महिना निवडावा, याला दैवदुर्विलास म्हणून स्वतःची सुटका करून घेण्याचा मोह मला पुष्कळदा झाला; परंतु तो निव्वळ अविचार होता.

ज्या संस्थेत मी दाखल झालो तिचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. तिच्या माहितीपत्रकात आठ विमाने होती आणि तासाचा दर इतरांहून कमी होता. बाबांनी करारनाम्याकडे पाहिलेही नाही; त्यांनी एवढेच विचारले, "विमानं किती ते राहू दे, त्यातली पाण्यात किती?" नाखव्याच्या नावावर चार होड्या असल्या तरी एकीचे इंजिन खोललेले असते आणि दुसरीला खलाशी मिळत नाहीत, हा त्यांचा जन्मभराचा हिशेब. मी त्यांच्या 'पाण्यात' या शब्दाला हसलो आणि आईच्या पाटल्या तारण ठेवून उभी केलेली रक्कम एकरकमी भरून आलो.

आठांपैकी तीन विमाने उडत होती. ढग खाली आले की तीही उभी राहत. दिवाळीपर्यंत माझ्या नोंदवहीत जेमतेम अकरा तास जमले, आणि पैसे आधीच भरलेले असल्यामुळे तगादा लावण्याचे एकमेव हत्यारही मी गमावून बसलो होतो.

व्यावसायिक परवान्यासाठी नागरी विमानवाहतूक महासंचालनालय २०० तासांचे उड्डाण मागते, आणि ते अर्जाआधीच्या पाच वर्षांतले असावे लागते. त्यांपैकी १०० तास विमानाची सूत्रे स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळलेली असावी लागतात, आणि खरी मेख अशी की या शंभरांतले किमान १५ तास अर्जापूर्वीच्या सहा महिन्यांतले हवेत. म्हणजे तासही मासळीसारखे शिळे होतात. शिक्षण रेंगाळले, शेवटच्या टप्प्यावर विमान मिळाले नाही, तर पदरचे पैसे मोडून तेच तास पुन्हा उडावे लागतात; मला ते उडावे लागले, आणि स्वस्त दराचा सारा नफा त्यात बुडाला. म्हणून तासाचा दर विचारण्याआधी, मागच्या तुकडीतील मुलांना २०० तास पुरे करण्यास किती महिने लागले, हे त्या मुलांनाच गाठून विचारावे. रक्कम हप्त्यांनी, झालेल्या तासांच्या प्रमाणात द्यावी, आणि न उडालेल्या तासांचे पैसे किती मुदतीत परत मिळतील हे करारनाम्यात लिहून घ्यावे.

त्याही आधी डोळे, कान, हृदय यांची वैद्यकीय तपासणी, तीही प्रथम वर्गापर्यंत, उरकावी. रंग ओळखण्यातला दोष पैसे भरल्यावर उघडकीस येण्यासारखी दुसरी आपत्ती नाही.

पाऊस वाया घालवण्याचे मात्र कारण नाही. हवाई मार्गनिर्धारण, हवामानशास्त्र, हवाई नियम, विमानाचे तंत्र या लेखी परीक्षांचा अभ्यास घरी बसून त्याच महिन्यांत व्हावा आणि दसऱ्यानंतर धावपट्टी गाठावी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन ज्या जुहूच्या मैदानावर उतरले, ते पावसाळ्यात पाण्याखाली जाई आणि टपालसेवेला पुण्याचा आसरा घ्यावा लागे. टाटांनाही जे चुकले नाही, ते मला चुकेल असे मी कोणत्या भरवशावर मानले होते, कोण जाणे!

परदेशी तास लवकर पुरे होतात हे खरे. पण परतल्यावर येथल्या परीक्षा आणि परवान्याचे रूपांतर असतेच, आणि कोठेही शिका, मोठ्या प्रवासी विमानाच्या विशिष्ट प्रकाराचे प्रशिक्षण व त्याचा खर्च स्वतंत्र असतो.

गेल्या वर्षी आमच्याच गल्लीतील एक मुलगी सल्ल्याला आली, तेव्हा मी तिला एवढेच सांगितले, की संस्थेच्या कचेरीत न जाता तीन दिवस पहाटे धावपट्टीच्या कुंपणाशी उभी राहा आणि मोज. ती मोजून आली: अकरा विमानांपैकी चार. प्रवेशाचे पैसे तिने भरलेच नव्हते. संध्याकाळी तिचे वडील माझ्याकडे आले आणि पोरीने रेल्वेभाडे फुकट घालवले अशी तक्रार करू लागले, तेव्हा ओट्यावर जाळे सांधीत बसलेल्या बाबांनी मान वर न करताच विचारले, "चार रोज उडत होती, की आळीपाळीनं?"