मासे गेले, जेलीफिश आले

जेलीफिश हा नावाने मासा असला तरी खरा मासा नव्हे. त्याला कणा नाही, मेंदू नाही, रक्तही नाही. शरीराचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग म्हणजे नुसते पाणी! असा प्राणी माशांची जागा बळकावील हे खरे वाटत नाही. पण आफ्रिकेच्या नैर्ऋत्येस, नामिबियाच्या किनाऱ्यावर तसे घडले आहे.

तेथील वारे किनाऱ्यालगतचे पाणी दूर लोटतात आणि त्याच्या जागी खोलवरचे थंड, क्षारयुक्त पाणी वर येते. या क्षारांवर सूक्ष्म वनस्पती-प्लवक वाढतात, त्यांवर प्राणि-प्लवक, आणि या दोहोंवर सार्डिन, म्हणजे आपल्या तारलीचे भाऊबंद. १९६८ साली येथे सुमारे १४ लाख टन सार्डिन पकडले गेले. पुढे काही वर्षांतच त्यांचे थवे दिसेनासे झाले.

मग उरलेले प्लवक कोणी खाल्ले? २००३ साली शास्त्रज्ञांनी जाळी व ध्वनिलहरी यांच्या साहाय्याने मोजदाद केली, तेव्हा जेलीफिश १ कोटी २२ लाख टन आणि मासे अवघे ३६ लाख टन भरले. (यातले पाण्याचे वजन वजा केले तर चित्र इतके एकतर्फी राहत नाही, हेही ध्यानात ठेवा.)

अर्धशतक उलटले तरी सार्डिन पूर्वीसारखे परतले नाहीत. असे का? जेलीफिश प्लवकांबरोबर माशांची अंडी आणि नुकती जन्मलेली पिल्लेही गिळतो. शिवाय त्याचे जीवनचक्र पहा. बहुतेक जेलीफिशच्या अळ्या खडकाला किंवा शिंपल्याला चिकटतात आणि तेथे त्यांचा इवलासा पॉलिप बनतो. तो वाईट दिवस तग धरून काढतो. अनुकूल काळ आला, की बशांच्या चळतीतून एकेक बशी उचलावी तशा त्याच्या शरीरातून चकत्या सुटू लागतात. प्रत्येक चकती म्हणजे एक नवा जेलीफिश!

जेलीफिशने खाल्लेले अन्न पुढे फारसे कोणाच्या उपयोगी पडत नाही, असे पूर्वी मानीत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने मात्र येथील गोबी नावाच्या छोट्या माशाकडे लक्ष वेधले. दिवसा तो ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या तळच्या चिखलात राहतो, रात्री वर येतो आणि जेलीफिशही खातो. गोबीला हेक मासे, सील व समुद्रपक्षी खातात. पण त्याच्या अंगात सार्डिनइतकी चरबी नाही. सार्डिनऐवजी गोबीवर गुजराण करावी लागलेल्या नामिबियातील पेंग्विनांची संख्या घटत गेली आहे.