दोष नेमका कोठे? : थ्रॉटल पोझिशन सेन्सरच्या बिघाडाचा अभ्यास

मनीषनगरातून वर्धा मार्गावर येताना रेल्वेमार्गावरील उड्डाणपुलाचा चढ लागतो. सकाळी शाळा व कार्यालये गाठण्याच्या घाईत तेथे वाहनामागे वाहन असते. अशा चढावर मोटार झटके देऊ लागली, ॲक्सिलरेटर दाबूनही वेग घेईनाशी झाली आणि समोर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला, तर चालकाच्या मनात धडकी भरते. आपल्यापुढील वाहन एकाएकी मंदावणार, याची मागच्या चालकाला कल्पना नसते. म्हणून हा बिघाड केवळ खर्चाचा नव्हे, सुरक्षिततेचाही प्रश्न ठरतो. अशा लक्षणांमागे अनेक कारणे संभवतात. त्यांपैकी एक म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सर किंवा त्याच्या तारांतील दोष. मोटारदुरुस्ती शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना व मोटार बाळगणाऱ्या पालकांना उपयोगी पडावा, या हेतूने त्याचा येथे क्रमाने विचार केला आहे.

सेन्सरचे कार्य

इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या वाटेवर एक गोल झडप असते. तिला थ्रॉटल म्हणतात. ॲक्सिलरेटर दाबला की ती उघडते. कार्बोरेटरच्या काळात हवेच्या ओढीनेच पेट्रोल खेचले जाई. इंधन फवारणीच्या इंजिनात मात्र पेट्रोलचे प्रमाण संगणक ठरवतो आणि त्यासाठी झडप किती उघडली आहे, हे त्याला कळावे लागते. झडपेच्या दांड्याशी जोडलेला सेन्सर ही वार्ता पोहोचवतो.

जुन्या पद्धतीच्या सेन्सरची रचना रेडिओचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणासारखी असते. त्याला तीन तारा असतात. एका तारेतून संगणक ५ व्होल्ट पुरवतो, दुसरी अर्थिंगची आणि तिसरी संदेशाची. आत कार्बनच्या पट्टीवरून एक स्पर्शक सरकतो. झडप मिटलेली असताना संदेशाच्या तारेवर साधारणतः ०.५ ते १ व्होल्ट, तर पूर्ण उघडल्यावर ४ ते ४.५ व्होल्ट मिळतात. नेमके आकडे त्या त्या मोटारीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत पाहावेत.

मोटारीचा बराच काळ झडप मिटलेली किंवा किंचित उघडी असतानाच जातो. त्यामुळे पट्टी प्रथम त्याच भागात झिजते. तेथे संदेश क्षणभर तुटतो आणि थोडासा पाय दाबताच मोटार अडखळते. आयडलिंग वर-खाली होणे, सिग्नलपाशी इंजिन बंद पडणे ही लक्षणेही यातूनच उद्भवतात.

कोड म्हणजे निदान नव्हे

स्कॅनर जोडल्यावर पी ०१२० ते पी ०१२४ यांपैकी एखादा कोड दिसतो. येथेच घाई होते. कोड पाहताच ‘सेन्सर गेला’ असे ठरवून नवा बसवला जातो. दोन दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. ग्राहकाचे पैसे जातात आणि कारागिरावरील विश्वासही.

कोड सुट्या भागाचे नाव सांगत नाही. कोणत्या विद्युतमार्गात कोणत्या प्रकारची विसंगती आहे, एवढेच सांगतो. पी ०१२३ याचा अर्थ संदेशाचा व्होल्टेज अपेक्षेपेक्षा जास्त आहे. आता समजा, अर्थिंगची तार तुटली. मग पट्टीतून प्रवाह वाहत नाही आणि संदेशाच्या तारेवर जवळजवळ पूर्ण ५ व्होल्ट दिसू लागतात. संगणक पी ०१२३ नोंदवतो, पण सेन्सर मात्र निर्दोष असतो! याउलट पी ०१२२ हा कोड कमी व्होल्टेजचा. ५ व्होल्टची तार तुटली तरीही तो येऊ शकतो. पी ०१२४ हा मधूनच येणाऱ्या दोषाचा कोड आहे. तेथे सैल पिन किंवा झिजलेली पट्टी, या दोहोंचा संशय घ्यावा.

तपासणीचा क्रम

१. कोड पुसण्यापूर्वी तो आणि त्या वेळच्या इंजिनाच्या नोंदी लिहून घ्याव्यात.

२. डोळ्यांनी पाहणी करावी. नागपूरच्या उन्हाळ्यात आणि इंजिनाच्या उष्णतेत तारांचे आवरण कडक होऊन तडकते. उभ्या मोटारीत उंदीर तारा कुरतडतात. इंजिन धुताना कनेक्टरमध्ये पाणी शिरून पिनांवर हिरवट गंज चढतो.

३. हँडब्रेक ओढून, इंजिन बंद ठेवून, फक्त चावी चालू करावी. मल्टिमीटरने पुरवठ्याचे ५ व्होल्ट मोजावेत. अर्थिंगची पिन आणि बॅटरीचे ऋण टोक यांमध्ये जवळजवळ शून्य, म्हणजे ०.१ व्होल्टपेक्षा कमी, फरक असावा. यातील काही चुकले, तर दोष सेन्सरच्या बाहेर आहे.

४. दोन्ही ठीक असतील, तर झडप अगदी सावकाश उघडत संदेशाचा व्होल्टेज पाहावा. तो न तुटता चढला पाहिजे. मध्येच शून्यावर आला किंवा उसळला, तर पट्टी झिजली आहे.

५. शेवटी तारा व कनेक्टर हलकेच हलवून पाहावेत. आकडा हलला, तर दोष तेथेच.

दुरुस्ती

गंजलेल्या पिना स्वच्छ कराव्यात, तुटलेली तार योग्य रीतीने जोडून तिचे आवरण पूर्ववत करावे. सेन्सरच सदोष ठरला, तरच तो बदलावा आणि पुस्तिकेप्रमाणे आयडलिंगची स्थिती संगणकाला पुन्हा शिकवावी. नंतर कोड पुसून, चढावर मोटार चालवून खात्री करावी.

आजच्या बहुतेक मोटारींत ॲक्सिलरेटरची केबल नसते. झडप विद्युत मोटरने उघडते. तेथे दोन सेन्सर एकमेकांची साक्ष पडताळतात. त्यांत मेळ बसला नाही, तर संगणक इंजिनाची शक्ती मर्यादित करतो. या प्रकारात तपासणीसाठी ॲक्सिलरेटरच दाबावा. चावी चालू असताना झडपेत बोट घालू नये. ती एकाएकी मिटून इजा होऊ शकते. शिवाय अशा अनेक मोटारींत सेन्सर थ्रॉटलच्या संपूर्ण जुळणीतच असतो. तेथे चुकीच्या निदानाची किंमत कितीतरी पटींनी वाढते.

कारागीर आणि ग्राहक

देशभर १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रदूषणमानक लागू झाले आणि मोटारीतील सेन्सरांचे महत्त्व आणखी वाढले. आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या तरुणाने त्यासाठी एक सवय लावून घ्यावी : बिलावर दुरुस्तीपूर्वीचा आणि दुरुस्तीनंतरचा व्होल्टेज लिहावा. पालकांनीही ‘कोणता भाग बदलला?’ या प्रश्नाआधी ‘काय मोजले?’ हे विचारावे. मल्टिमीटरची ही तपासणी थोड्याच वेळाची असते. पण तिने एखाद्या कुटुंबाचा अनाठायी खर्च वाचतो आणि नव्या गॅरेजची पत त्या एका ओळीच्या नोंदीवर उभी राहते.