न साधलेल्या प्रयोगाचे पान

परतूर, आश्विन वद्य पंचमी

चि. सुमेधा,

अधिक शुद्ध द्रव्य वापरूनही प्रयोग साधला नाही, म्हणून वहीतली ती पाने फाडून टाकावीत असे तुझ्या मनात आले, हे वाचून मी अस्वस्थ झालो. कारण ज्या सायटिडीन ट्रायफॉस्फेटचा अभ्यास तू पत्करला आहेस, त्याचे एक थोर कार्य उघडकीस आले तेच मुळी अशा एका फसलेल्या प्रयोगातून.

सायटोसीन, रायबोज शर्करा आणि तीन फॉस्फेट यांचे हे न्यूक्लिओटाइड आरएनएच्या घडणीत लागते, हे तू जाणतेसच. शिकागो विद्यापीठात युजीन केनेडी आणि सॅम्युएल वाइस हे यकृतातील विकरांकडून लेसिथिन कसे घडते याचा शोध घेत असताना, स्फटिकरूप शुद्ध ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट (एटीपी) घातले की क्रिया होईना, आणि कमी प्रतीचे अस्फटिक एटीपी घातले की ती होई. त्यांनी या विसंगतीचाच पाठपुरावा केला, तेव्हा त्या कमी प्रतीच्या द्रव्यात मिसळलेले सायटिडीन ट्रायफॉस्फेट हेच खरे कर्ते निघाले, आणि १९५६ साली ही हकीकत सविस्तर प्रसिद्ध झाली. फॉस्फोकोलीनशी जोडले जाऊन ते सायटिडीन डायफॉस्फेट कोलीन होते, आणि त्यातला फॉस्फोकोलीन पुढे स्निग्ध रेणूच्या हवाली होऊन पेशीपटलाचे लेसिथिन सिद्ध होते.

आज मोंढ्यात सोयाबीनच्या राशी पाहताना मनात आले, की या दाण्यांतले लेसिथिनही याच वाटेने घडले आहे. अडत्या काडीकचऱ्याची कटती धरतो ते रास्तच, कारण धान्यात कचरा कोणता हे आधीच ठरलेले असते; प्रयोगशाळेत ते अजून ठरायचे असते. मात्र म्हणून अशुद्धतेचा कैवार घेऊ नकोस. शुद्ध एटीपी निष्फळ ठरले नसते, तर त्या मिश्रणातला अनोळखी भागीदार कोणाच्याच ध्यानी आला नसता.

तेव्हा बाटलीची खूण, तारीख, माप, तपमान, सारा तपशील त्याच दिवशी मांडत जा, आणि आकडा चुकला तर मूळचा वाचता येईल अशी एकच रेघ मार. तुझे आजोबा अडतीच्या किर्दीत बुडालेली रक्कमही जमेच्याच शाईने लिहीत, आणि पुढच्या सालाचा व्यवहार ठरविताना आधी तीच पाने उघडीत.

दिवाळीला येशील तेव्हा वही बरोबर आण. न साधलेल्या प्रयोगाचे पान आपण प्रथम वाचू.

तुझा,
मामा