कार्डाचा रंग

गडचिरोली जिल्ह्यात रक्ताचे नमुने तपासण्यात माझी सगळी नोकरी सरली. आल्डस हक्सले यांची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ ही 1932 ची कादंबरी मी धानोऱ्याला असताना वाचली. तीत मुलं बाटलीत वाढतात, जन्माआधीच त्यांचा वर्ग ठरतो आणि वर्गावरून कपड्यांचा रंग: डेल्टांना खाकी, एप्सिलॉनना काळा. हे आपल्याकडचं नव्हे, असं वाटून मी पुस्तक मिटलं. नंतर कामातून जे शिकले ते असं.

1. रंग कार्डापुरता राहत नाही.
एका आश्रमशाळेत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी होती. नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा आणि मागे रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन त्या दिसेनाशा झाल्या तर नमुना इलेक्ट्रोफोरेसिस या पक्क्या तपासणीला जातो. निकाल आल्यावर मी नावं पुकारून निकालानुसार रंगीत कार्डं वाटली. वेगळ्या रंगाचं कार्ड कोणाला मिळालं ते सगळ्या वर्गाने पाहिलं. नववीतली एक मुलगी एएस, म्हणजे वाहक निघाली. तिला आजार कसलाच नव्हता. चार वर्षांनी तिची आई बाजारात भेटली. “मॅडम, सोयरीक मोडली. कारड पाहून गेले ते लोक.” मुलाचं रक्त कोणी तपासलंच नव्हतं. दोघांचे निकाल एकत्र पाहायचे असतात, हे त्या घरी जाऊन सांगणारं कोणी नव्हतं. मीही गेले नव्हते.

2. आकडा घरी बसून सांगावा.
आईबाप दोघेही एएस असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस, म्हणजे आजारी, होण्याची शक्यता चारात एक. एका बापाने हिशोब मांडला: थोरला एसएस झाला, आता पुढची तिघं सुटली. ‘प्रत्येक बाळंतपणात’ हे शब्द आमच्या पत्रकात होते. पत्रक मराठीत होतं, घरातली भाषा माडिया.

3. ज्याला आपण खोट म्हणतो त्यानेच माणसं तगवली.
एएस माणसाला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत अभ्यास करून 1954 मध्ये मांडलं. आमच्या भामरागड-एटापल्लीत मलेरिया म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. त्याआधी 1949 मध्ये शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी थॅलेसेमिया या दुसऱ्या रक्तविकाराबाबत असाच तर्क केला होता. गंमत नव्हे, मला याने धडकी भरते: याच हाल्डेन यांनी 1920 च्या दशकात ‘डीडॅलस’ या पुस्तिकेत गर्भाशयाबाहेर मुलं वाढवण्याचं भाकीत केलं होतं. हक्सले यांच्या बाटल्यांचं मूळ तिथे सापडतं. त्या कादंबरीतल्या शास्त्रज्ञांच्या हाती सिकलसेलचं जनुक लागतं, तर त्यांनी ते पहिल्याच दिवशी पुसलं असतं. त्या जनुकाच्या बळावर तापातून उठलेल्या आज्या-पणज्या त्यांच्या तक्त्यात कुठे दिसणार?

4. सक्ती आपल्याच विधिमंडळातून येऊ शकते.
1976 साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आलं नाही. 2023 पासूनच्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत सात कोटी लोकांना तपासायचं ठरलं. तीत लग्नाआधी सल्ला आहे, बंदी नाही. या फरकावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायला हवं.

5. सुई गावाच्या हाती द्यावी.
डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने इथल्या 39 गावांत गावच्याच बायकांना नवजात बाळाचा श्वास मोजायला, वजन करायला, गरज पडल्यास इंजेक्शन द्यायला शिकवलं. बालमृत्यू घटले; 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. विज्ञान तेच, पण बाळाच्या आईला ती बाई शेजारची होती.

6. निवृत्तीआधीच्या शेवटच्या शिबिरात मी कार्डं पाकिटात घातली, एकेकाला आत बोलावलं, दार लोटलं. एका मुलीने विचारलं, “मॅडम, हा कारड कोनाले दाखवाचा?” मी म्हटलं, “आधी तू वाच, माय.” ती बाकावर बसून अक्षर अक्षर लावत वाचू लागली. बाहेर रांग खोळंबली होती. मी थांबले.