संगणकातील फाइलींची यादी

लिनक्स संगणकावर टर्मिनलची खिडकी उघडून ‘एल’ व ‘एस’ ही दोन लहान इंग्रजी अक्षरे लिहावीत आणि एन्टरची कळ दाबावी. त्या फोल्डरातील फाइली व पोटफोल्डरे यांची नावे पडद्यावर येतात. ही आज्ञा १९७१ च्या युनिक्स पुस्तिकेतही आहे. आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही आरंभीच बजावतो की, ही यादी पुरी नव्हे.

आरंभी टिंब असलेले नाव ती गाळते. याचे कारण मौजेचे आहे. प्रत्येक फोल्डरात ‘हेच फोल्डर’ दर्शविणारे एक टिंब आणि ‘वरचे फोल्डर’ दर्शविणारी दोन टिंबे, अशा दोन नोंदी असतात. त्या यादीत नकोत म्हणून पहिले अक्षर टिंब दिसताच नाव सोडून देण्याची तोकडी युक्ती योजली गेली, असे बेल प्रयोगशाळेत काम केलेल्या रॉब पाइक यांनी २०१२ साली लिहिले. चूकच ती, पण पुढे सर्वांनी सोय म्हणून वापरली!

संस्थेचा जुना संगणक पुसून टाकताना मात्र हीच सोय घात करते. थंडरबर्डमधील पत्रव्यवहार बहुधा टिंबाच्या फोल्डरात असतो. तो यादीत दिसत नाही, म्हणून उतरवून घ्यावयाचा राहतो, आणि वर्षानुवर्षांची पत्रे जातात. यास्तव ‘एलएस’पुढे जागा सोडून आडवी रेघ व तिला चिकटून लहान ‘ए’ लिहावे. लपलेली नावेही येतात. ‘ए’ऐवजी ‘एल’ लिहिल्यास आकार, मालक व शेवटच्या बदलाची तारीख कळते. ओळीच्या आरंभी ‘डी’ असल्यास ते फोल्डर समजावे. दोन्ही अक्षरे एकत्र लिहिली तरी चालतात. पुसण्यापूर्वी आम्ही तशीच यादी काढवितो.