ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्या वतीने कोण सांगतं?

प्रश्न : माझी भाची इंग्लंडमध्ये एका केअर होममध्ये नोकरी करते. तिथे तपासनीस न कळवता येतात आणि होमला श्रेणी देऊन जातात, असं ती सांगते. पण तिच्याकडच्या बऱ्याच आजी-आजोबांना स्मृतिभ्रंश आहे, काहींची वाचाच गेली आहे. त्यांना नीट सांभाळतात की नाही, हे परक्या माणसाला एखाद्या दिवसात कळणार तरी कसं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बरंचसं कळतं, आणि त्यातलं पुष्कळसं नुसतं बसून पाहिल्याने कळतं.

इंग्लंडमध्ये हे काम २००९ पासून केअर क्वालिटी कमिशनकडे आहे. उत्कृष्ट, चांगली, सुधारणा हवी आणि अपुरी अशा चार श्रेणी आहेत. मिळालेली श्रेणी होमच्या दर्शनी भागात लावणं २०१५ पासून कायद्यानेच बंधनकारक आहे. पण तुमचा प्रश्न श्रेणीच्या आधीचा आहे, म्हणून तिथेच थांबू.

ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी निरीक्षणाची एक खास पद्धत आहे. ब्रॅडफर्ड विद्यापीठातल्या स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासकांच्या मदतीने ती तयार झाली. तपासनीस बैठकीच्या खोलीत एका कोपऱ्यात गप्प बसतो, समोरच्या मोजक्या चार-पाच जणांवर लक्ष ठेवतो आणि दर पाच मिनिटांनी नोंद करतो. चेहरा खुललेला आहे, निर्विकार आहे की त्रासलेला? माणूस कशात रमला आहे की नुसता बसून आहे? आणि तेवढ्या वेळात कोणी कर्मचारी जवळ आला असेल, तर तो कसा आला? समजा, जेवणाची वेळ झाली आणि कोणीतरी मागून येऊन एक शब्दही न बोलता आजींच्या गळ्यात ॲप्रन बांधला. दुसरी कर्मचारी समोर आली, खाली वाकून डोळ्याला डोळा भिडवला, नावाने हाक मारली, ‘जेवायचं ना आता?’ म्हणाली आणि मग ॲप्रन बांधला. होमच्या वहीत दोन्हीकडे ‘जेवण वेळेवर दिले’ एवढंच लिहिलेलं असतं. कोपऱ्यातल्या माणसाच्या कागदावर मात्र पहिली नोंद वाईटात जाते आणि दुसरी चांगल्यात. म्हातारपणी माणसाचा मान राहतो की जातो, ते असल्या अर्ध्या मिनिटांत ठरतं, असं मला मनापासून वाटतं.

मग कागद येतात. तपासनीस सगळी दप्तरं चाळत बसत नाही. एखादा रहिवासी निवडतो आणि त्याचा माग काढतो. समजा, एका आजोबांचं वजन तीन महिने उतरतंय. ते वजन कोणी पाहिलं का? डॉक्टरांना कळवलं का? त्यांच्या जेवणात लोणी-साय वाढवायला सांगितलं असेल, तर ते स्वयंपाकघरात पोहोचलं का? आचाऱ्याला आजोबांचं नावही ठाऊक नसेल, तर फाइल कितीही देखणी असो, काळजी वाटेतच अडकलेली आहे. औषधांचे तक्ते, पडल्याच्या नोंदी, रात्रपाळीला किती माणसं होती, हेही असंच जोडून पाहिलं जातं. काही गोष्टी तर मोजपट्टीच्या आहेत. दुबळ्या रहिवाशांसाठी टबातलं पाणी ४४ अंशांपेक्षा गरम येऊ नये आणि जिथून पडण्याचा धोका आहे ती खिडकी १०० मिलिमीटरपेक्षा जास्त उघडू नये, असा तिथला दंडक आहे.

आता तुमच्या शंकेची दुसरी बाजू. ही व्यवस्था वाईट तऱ्हेने चुकलेलीही आहे. ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या खासगी रुग्णालयात रुग्णांना मारहाण होत होती. तिथल्याच एका वरिष्ठ परिचारकाने कमिशनला कळवलं होतं, पण दखल घेतली गेली नाही. अखेर २०११ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ या कार्यक्रमाने छुप्या कॅमेऱ्याने ते दाखवलं. ११ कर्मचाऱ्यांनी गुन्हा कबूल केला, सहा जण तुरुंगात गेले. त्यानंतर आठ वर्षांनी डरहॅम परगण्यातल्या व्होर्लटन हॉलमध्ये तसंच उघड झालं, आणि त्या संस्थेला कमिशननेच ‘चांगली’ अशी श्रेणी दिलेली होती. २०२४ मध्ये सरकारने खुद्द कमिशनचीच झाडाझडती घेतली, तेव्हा त्याच्या अखत्यारीतल्या दर पाचांपैकी एका ठिकाणाला कधीच श्रेणी मिळालेली नाही, असं निघालं. जिथे नातेवाईक फारसे येत नाहीत आणि कर्मचारी एकमेकांना पाठीशी घालतात, तिथे पाहुण्यासमोर सगळे गोड वागतात. अशा जागी आतल्या माणसाने तोंड उघडलं तरच कळतं. म्हणून तुमच्या भाचीचं मोल तपासनिसाहून कमी नाही. तिने जे खटकेल ते तारीख-वेळ घालून लिहून ठेवावं, आधी मॅनेजरला सांगावं आणि तिथे दाद लागली नाही तर थेट कमिशनला कळवावं.

आणि तपासणीने दोष सापडतो, सुधारणा करणारे हात वेगळे असतात. ‘अपुरी’ श्रेणी मिळालेल्या होमवर विशेष देखरेख येते, साधारण सहा महिन्यांत फेरतपासणी होते, सुधारलं नाही तर नोंदणी रद्द होऊ शकते. हा धाक झाला. खरी सुधारणा फार साध्या कामांतून झालेली दिसते. म्हातारपणी तहान कमी लागते, पाणी कमी जातं आणि लघवीचा संसर्ग होतो. पूर्व बर्कशायरमधल्या काही होम्सनी २०१६ मध्ये दिवसातून सात ठरलेल्या वेळी चहा-सरबताची ट्रॉली फिरवायला सुरुवात केली. संसर्ग आणि त्यापायी रुग्णालयात जाणं, दोन्ही बरंच कमी झालं. दक्षिण लंडनमधल्या सटनमध्ये २०१५ मध्ये लाल पिशवी आली. रहिवाशाला रुग्णालयात हलवलं की त्याची औषधांची यादी, चष्मा, कवळी, कानाचं यंत्र, घरी परतायचे कपडे असं सगळं त्या एका पिशवीत त्याच्याबरोबर जातं. कवळी हरवल्यावर आठ दिवस पेजेवर काढलेल्या माणसाच्या घरच्यांना या पिशवीची किंमत सांगावी लागणार नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी आपल्याकडचं सांगतो, कारण सांगली-कोल्हापुरापासून पुण्यापर्यंत खासगी वृद्धाश्रम वाढत आहेत. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रम काढण्याची तरतूद आहे, पण दारावर श्रेणी लावण्याची पद्धत आपल्याकडे नाही. ती यावी, आणि तिच्यासोबत न कळवता येणारे तपासनीसही यावेत, यासाठी आपण ज्येष्ठांच्या संघटनांनी आग्रह धरायला हवा. तोवर हे काम घरच्यांनीच करायचं आहे. जागा पाहायला जाल तेव्हा ठरवून दिलेल्या वेळी जाऊ नका, संध्याकाळी जेवणाच्या वेळी जा. रात्री किती मावश्या असतात ते ऑफिसात न विचारता मावश्यांनाच विचारा. गेल्या तीन महिन्यांच्या वजनाच्या नोंदी मागा. आणि अर्धा तास कोपऱ्यात बसू द्या म्हणावं. बसू देत नसतील, तर दुसरी जागा पाहा.