ग्राहक "महाग आहे" म्हणतो, तेव्हा खरं काय म्हणतो?

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला. पण लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांना भीती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली!

चामोर्शीत माझंही तेच झालं. धानाच्या फवारणीसाठी बॅटरीचे पंप आणले. "महाग आहे" ऐकून दोनदा भाव उतरवला, तरी माल पडून. शेवटी एका काकांना विचारलं, "काका, खरं सांगा, अडतं कुठं?" ते म्हणाले, "बिघडला तं गडचिरोलीले कोण जाईल, भाऊ?"

मी सुटे भाग ठेवले, दुरुस्ती दुकानातच सुरू केली. उरलेले पंप मूळ भावात गेले.

आजचा गृहपाठ: रिकाम्या हाताने परतणाऱ्या तीन ग्राहकांना हाच प्रश्न विचारा. भाव उतरवण्याआधी त्यांची भीती उतरवा.